विश्लेषण : तुतीच्या मळ्याला परदेशी गांधीलमाशीचा आधार

टी. नरसीपूर (म्हैसूर) : कावेरी आणि कबिनी यांच्या संगमावरील या तालुक्यात भात आणि उसाबरोबर तुतीचे मळे आहेत. म्हैसूर सिल्क साडीसाठी कच्चे रेशीम काढणारा कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाचा कारखानाही येथेच आहे. कीड नियंत्रणाच्या बाबतीत मात्र तुती उत्पादकाची स्थिती इतर शेतकऱ्यांहून वेगळी आहे. पानावर फवारलेले कीटकनाशक शेवटी रेशीम अळीच्याच पोटात जाते. त्यामुळे किडीचा नैसर्गिक शत्रू शोधणे ही येथे हौस नसून गरज ठरते.

ही गरज सर्वाधिक जाणवली ती पपईवरील पिठ्या ढेकणाच्या वेळी. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील ही कीड २००८ मध्ये कोईम्बतूर येथे आढळली. पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद आणि गाजरगवतावरही ती पोसते. तमिळनाडूतील तुतीपट्ट्याचे मोठे नुकसान करून ती कर्नाटकात आणि पुणे परिसरातील पपईच्या बागांतही पोहोचली. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीचा परिणाम तोकडा पडत होता.

बंगळूरु येथील तत्कालीन राष्ट्रीय कृषी उपयुक्त कीटक ब्युरोने २०१० मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाच्या साहाय्याने पोर्तो रिकोतून तीन परोपजीवी कीटक आणले. विलगीकरणातील चाचण्यांनंतर ते सोडण्यात आले. त्यांपैकी ‘अॅसेरोफॅगस पपाये’ ही इवलीशी गांधीलमाशी सर्वाधिक उपयुक्त ठरली. मादी ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते, अळी त्याला आतून पोखरते आणि उरलेल्या कोरड्या टरफलातून नवी माशी बाहेर पडते. काही महिन्यांतच प्रादुर्भाव ओसरू लागला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आर्थिक अभ्यासाने पाच वर्षांतील लाभ सुमारे ५२ कोटी ते १३४ कोटी डॉलर इतका आकारला आहे.

या यशाकडे पाहताना रेशीम उत्पादकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे, कारण परोपजीवी कीटक त्याच्या ओळखीचा आहे आणि तो मित्र म्हणून नव्हे. रेशीम अळीवर अंडी घालणारी उझी माशी १९८० मध्ये पश्चिम बंगालमधून कर्नाटकात शिरली. मराठवाड्यातील रेशीम उत्पादकांनाही आता ती परिचित आहे. तिच्या बंदोबस्तासाठी संगोपनगृहात ‘नेसोलिंक्स थायमस’ ही दुसरी परोपजीवी माशी सोडली जाते. परोपजीवीवर परोपजीवी, असा हा प्रकार. अमेरिकेचा अनुभव अधिक बोलका आहे. जिप्सी पतंगाच्या नाशासाठी १९०६ पासून तेथे सोडलेली ‘कॉम्प्सिल्युरा’ ही युरोपीय माशी शंभराहून अधिक जातींच्या अळ्यांवर जगते. तेथील देशी रेशीम पतंगांची घट होण्यामागे ती एक प्रमुख कारण असल्याचे २००० मधील संशोधनात दिसून आले.

‘अॅसेरोफॅगस’ची निवड नेमकी येथे वेगळी ठरते. ती ठरावीक ढेकणावरच जगते. रेशीम अळीशी तिचा संबंध येत नाही. म्हणूनच आयातीपूर्वीच्या चाचण्यांना केवळ कागदी विलंब समजणे चूक ठरेल.

तरीही विलंबाची किंमत शेतकरीच मोजतो. पपईच्या किडीबाबत दोन वर्षे गेली. टॅपिओकावरील पिठ्या ढेकूण २०२० मध्ये केरळात आढळला. त्याचा शत्रू ‘अॅनागायरस लोपेझी’ आफ्रिकेतील बेनिनमधून आणून तमिळनाडूच्या शेतात सोडेपर्यंत २०२२ उजाडले. खासगी कंपन्यांना यात फारसे स्वारस्य नाही. एकदा स्थिरावलेली माशी शेजाऱ्याच्या शेतात फुकट जाते, तिची पुन्हा विक्री होत नाही. त्यामुळे हा भार सरकारी संस्थांवरच राहतो. सोडल्यानंतरची तिची सुरक्षा मात्र शेतकऱ्याच्या हाती असते. बांधापलीकडच्या पिकावरील तीव्र कीटकनाशकाचा फवारा तुतीवरील गांधीलमाशीलाही मारतो आणि ढेकूण पुन्हा डोके वर काढतो.