विश्लेषण : पडद्यावरच्या सैतानी मुलांची भीती अजून का वाटते?

‘द ओमेन’ (१९७६) या चित्रपटाचा शेवट आठवा. दफनविधी सुरू आहे. पाच वर्षांचा डेमियन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी उभा आहे. तो मागे वळतो, थेट आपल्याकडे पाहतो आणि हसतो. रक्त नाही, किंकाळी नाही, तरी पोटात गोळा येतो. दिग्दर्शक रिचर्ड डोनर सांगत, की त्यांनी छोट्या हार्वे स्टीफन्सला ‘अजिबात हसायचे नाही’ अशी ताकीद दिली होती. पोर ते पोरच, त्याला हसू आवरले नाही. म्हणजे ज्या हास्याने जग घाबरले, ते एका खोडकर मुलाचे अगदी खरे हसू होते.

अशा मुलांची जादू ‘निरागसता आणि क्रौर्य यांच्या विरोधाभासात’ आहे, असे नेहमी सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हे चित्रपट नीट पाहिले तर त्यातली भीती मुलाची कमी आणि ‘हे मूल नेमके कुणाचे?’ या प्रश्नाची जास्त आहे. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात ना, तीच ही भीती.

सुरुवात एका गुणी मुलीपासून…

विल्यम मार्च यांची ‘द बॅड सीड’ ही कादंबरी १९५४ मध्ये आली. त्याच वर्षी तिचे नाटक झाले आणि १९५६ मध्ये मर्व्हिन लेरॉय यांनी चित्रपट केला. आठ वर्षांची ऱ्होडा दोन वेण्या घालते, वाकून नमस्कार करते, कपड्यांना डाग लागू देत नाही. शाळेतले हस्ताक्षराचे पदक तिला न मिळता एका मुलाला मिळते. सहलीत तो मुलगा बुडून मरतो आणि ऱ्होडा घरी येऊन शांतपणे खायला मागते. पॅटी मॅकॉर्मॅकला या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले.

पण कथेचा कणा ऱ्होडा नाही, तिची आई क्रिस्टिन आहे. आपण दत्तक आहोत आणि आपली जन्मदाती एक कुख्यात खुनी बाई होती, हे तिला कळते. तिथून पुढे मुलीच्या वागण्याचा सगळा हिशेब रक्ताच्या खात्यावर मांडला जातो. कादंबरीत आई मरते आणि ऱ्होडा सहीसलामत सुटते. हॉलीवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत गुन्हेगाराला मोकळे सोडणे बसत नव्हते. म्हणून चित्रपटात आई वाचते आणि ऱ्होडावर वीज कोसळते. एवढ्यावरही न थांबता शेवटी कलाकारांची ओळख करून देताना पडद्यावरची आई ऱ्होडाला मांडीवर पालथी घालून फटके देते. प्रेक्षकांनी हसत घरी जावे म्हणून! आज ते दृश्य पाहताना फार अवघडल्यासारखे होते.

कोकिळेची अंडी

रक्ताचा हा संशय नंतर रूप बदलत राहिला. जॉन विंडहॅम यांच्या कादंबरीवरच्या ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’ (१९६०) मध्ये एका इंग्रज गावातल्या बायकांना एकाच वेळी दिवस जातात आणि जन्माला येतात सोनेरी केसांची, थंड नजरेची परकी पोरे. मूळ कादंबरीच्या नावातच कोकिळा आहे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे आपल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८) मध्ये तर बाळ पडद्यावर दिसतच नाही, आईचा चेहरा तेवढा दिसतो.

‘ओमेन’ची कथाही तशीच. रोममध्ये अमेरिकी मुत्सद्दी रॉबर्ट थॉर्नला सांगितले जाते, की त्याचे बाळ दगावले आहे. एका धर्मगुरूच्या आग्रहावरून तो दुसरे नवजात बाळ उचलतो आणि बायकोला कळू देत नाही. सगळ्या अनर्थाच्या मुळाशी नवऱ्याने बायकोशी केलेली ही लबाडी आहे. चित्रपट मात्र डेमियनच्या डोक्यावर ६६६ आकडा शोधण्यात इतका गुंततो, की ती लबाडी सगळे विसरतात. बापाची सुटका होते. या प्रकाराच्या लोकप्रियतेचे मोठे कारण मला इथेच दिसते. मूल बिघडले तर ‘आमचे काय चुकले?’ हा प्रश्न आई-बापांना टोचतो आणि सैतान मध्ये आला की तो विचारावा लागत नाही.

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) या रांगेत बसत नाही. रेगन दुष्ट नाही, ती पछाडलेली आहे. तिच्या तोंडून येणारा सैतानी आवाजही अभिनेत्री मर्सिडीज मॅकेम्ब्रिज यांचा. त्यात मला सर्वात जास्त छळतात ती इस्पितळातली दृश्ये : तपासण्यामागून तपासण्या आणि हतबल आई.

त्या लाटेत आपल्याकडे १९८० मध्ये विकास देसाई-अरुणा राजे यांचा ‘गहराई’ आला. लेखनात विजय तेंडुलकर, बापाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आणि पछाडलेल्या मुलीच्या भूमिकेत पद्मिनी कोल्हापुरे. बाप गावाकडची जमीन विकतो आणि मुलीच्या तोंडून त्याचीच जुनी पापे बाहेर येऊ लागतात. इथे आरोपीच्या पिंजऱ्यात मूल नाही, बाप आहे.

याची किंमत कोण मोजते?

२००९ मध्ये ‘ऑर्फन’ आला. त्याच्या जाहिरातीत ‘दत्तक मुलावर पोटच्या पोराइतके प्रेम करणे कठीणच असेल’ अशा अर्थाचे एक वाक्य होते. अमेरिकेतल्या दत्तक पालकांच्या संस्थांनी जोरदार आक्षेप घेतला आणि निर्मात्यांना ते काढावे लागले. गंमत म्हणजे (रहस्य फोडतो आहे, क्षमस्व) त्यातली एस्थर मूल नसतेच, ती प्रौढ बाई असते.

जाहिरातीतून वाक्य काढता आले. पण घराघरांत ते बोलले जातेच. पोटच्या पोराने खिशातले दहा रुपये घेतले तर ती खोडी असते. दत्तक मुलाने घेतले, की एखादी आत्या हळूच म्हणते, ‘कुणाचे रक्त, कोण जाणे!’ ते मूल शेजारच्या खोलीत असते आणि त्याला ऐकू येत असते.

‘बॅड सीड’ पुन्हा पाहणार असाल तर क्रिस्टिनवर नजर ठेवा. रक्ताचाच हिशेब लावायचा तर खुनी बाईची थेट मुलगी ती, ऱ्होडा नव्हे. आणि ती वाढली दत्तक घरात, भरपूर मायेत. मुलीचे रहस्य कळेपर्यंत तिने कधी कुणाला इजा केलेली नाही.