स्वयंपाकघराची भिंत

पंडरी आणि तिच्या परिसरात आज नवी घरे उभी राहत आहेत. त्यांच्या नकाशांवरून आमच्या मराठी कुटुंबांत एक वाद हटकून उपस्थित होतो. स्वयंपाकघर दाराआड असावे, की बैठकीशी एकरूप होऊन घराच्या मध्यभागी असावे? वडीलधारी मंडळी पहिल्या पक्षाची, तरुण मंडळी दुसऱ्या. आमचा कौल निःसंदिग्धपणे दुसऱ्या पक्षाला आहे. मात्र त्या पक्षाची कारणे आम्हांस मान्य नाहीत. घर प्रशस्त आणि देखणे दिसावे एवढ्यासाठी भिंत पाडावयाची नाही. तिच्याआड एक माणूस आणि एक भाषा कोंडली गेली आहे, म्हणून ती पाडावयाची आहे.

प्रथम संस्कृतीच्या नावाने घेतला जाणारा आक्षेप पाहू. स्वयंपाकघर हे सोवळ्याचे, आडोशाचे स्थान. ते उघड्यावर आणणे म्हणजे परक्यांचे अनुकरण, असे सांगण्यात येते. पण हा आडोसा होता कोणाचा? ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर अशी क्रमाक्रमाने आत जाणारी घरे मूठभर सुखवस्तू कुळांची होती. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत स्वयंपाक, अभ्यास, आजारपण आणि पाहुणा ही सारी एकाच छताखाली नांदली. तेथे वाढलेली कुटुंबे मराठी नव्हती काय? त्या दाटीचे कौतुक आम्हांस करावयाचे नाही. परंतु चुलीभोवती भिंत नसली की मराठीपण लयास जाते, हे म्हणणे तेवढ्याने निकालात निघते.

गंमत अशी, की संस्कृतीचे हे कैवारी ज्या भिंतीचे रक्षण करीत आहेत ती वाड्याची नव्हेच. आजच्या सदनिकेतील अरुंद, ओट्यापुढे एकच माणूस जेमतेम उभा राहील असे स्वयंपाकघर दुसऱ्याच गोत्रातले आहे. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या नगरवसाहतींसाठी सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब असे स्वयंपाकघर आखले. कारखान्यातील कामगाराची हालचाल मोजावी तशी गृहिणीची पावले मोजून ते रचले होते आणि सुमारे दहा हजार घरांत ते बसविले गेले. हेतू श्रम वाचविण्याचा होता, तो स्तुत्यच. पण जागा एकटीपुरती आखली की काम एकटीचेच ठरते. शिवाय त्या मूळ आखणीत मुलांवर लक्ष राहावे म्हणून बैठकीकडे उघडणारे सरकते दार तरी होते. आमच्या घरांत एकटीपुरती जागा आली. ते दार मात्र आले नाही!

एकटीच्या या कामाचा हिशेबही झाला आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि सहा वर्षांवरील पुरुषांत असे करणारे होते शेकडा २६.१. बाकीच्यांना ते काम दिसतच नसावे, अशी सोय भिंतीने करून ठेवली आहे. जे दिसत नाही त्याची लाज वाटत नाही.

आता हवेचा आक्षेप. रायपूरचा मे महिना कोणास सांगावयास नको. पारा ४५ अंशांकडे झुकतो, बैठकीत कूलर घुमत असतो, आणि आत गॅसची ज्योत विझेल म्हणून पंखाही न लावता कोणी तरी पोळ्या लाटत असते. भिंत उष्णता थांबवीत नाही. ती फक्त एकीच्या वाट्याला घालते. उलट, कूलरची हवा बाहेर पडावयास वाट मागते. ओटा बाहेरच्या भिंतीला लावावा, त्याच्या वर धूर ओढून टाकणारा पंखा बसवावा, समोर मोठी खिडकी ठेवावी. बैठकीतील गार हवा स्वयंपाकघरातून बाहेर जाईल आणि जाताना फोडणीचा ठसका बरोबर नेईल. छताचा पंखा ज्योतीच्या थेट वर नसला म्हणजे झाले. राहता राहिला पाहुण्यांपासून आडोसा. तो कधी हवाच असेल तर पडदा लावावा. निदान पंडरीच्या रहिवाशांनी तरी कापडाची अडचण सांगू नये.

पण या सर्वांहून आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो भाषेचा मुद्दा. भोसल्यांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, मराठी या प्रदेशात नांदते आहे. सत्ता गेली, कचेरी गेली, शाळाही बहुतेकांची हिंदी वा इंग्रजी झाली. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आपल्या परीने दिवा तेवत ठेवीत आहे. पण मंडळात माणूस सणासुदीला जातो, स्वयंपाकघरात रोज. आधण, कढ, उतू जाणे, मुरणे, करपणे, निवडणे, पाखडणे ही क्रियेची भाषा; सांडशी, रोवळी, उलथणे ही वस्तूंची. ती पुस्तकातून येत नाही. हातातले काम चालू असताना कानावर पडते. आमच्या अनेक घरांत आज बैठक हिंदीत चालते आणि मराठी ओट्यापाशी उरली आहे. त्या ओट्याभोवती भिंत बांधणे म्हणजे मुलांच्या आणि मराठीच्या मध्ये भिंत बांधणे होय. आमच्या छत्तीसगढी शेजारणी अंगणात बसून कोहळ्याची बडी घालतात तेव्हा पोरेबाळे भोवती असतात, आणि त्यांची बोली पोरांच्या तोंडी आपोआप बसते. हे रहस्य आम्ही शेजारी राहूनही शिकलो नाही.

अखेर एक इशारा. पुढे चकचकीत, दाखविण्याचे मोकळे स्वयंपाकघर आणि मागे खऱ्या रांधण्या-धुण्यासाठी अंधारी खोली, अशीही घरे आता बांधली जाऊ लागली आहेत. ही शुद्ध फसवणूक होय. भिंत पाडली नाही, केवळ दोन पावले मागे सरकविली. स्वयंपाकघर मध्यभागी आणावयाचे तर खरकट्यासह आणा, दोघातिघांना उभे राहता येईल एवढा ओटा ठेवा, कणीक मळता मळता मुलाचा पाढा ऐकता येईल असे टेबल जवळ मांडा. आणि बैठकीतील पुरुषाने उठून पोळीचा तवा हाती घ्यावा. तो उठणार नसेल, तर भिंत पाडून एवढेच साधेल की बाईचे कष्ट पूर्वी कोणास दिसत नव्हते, ते आता साऱ्यांना बसल्या जागेवरून दिसतील.