सुटींतलीं पुस्तकें आणि चढलेल्या भुवया

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचे एक विद्वान् स्नेही टिटवाळ्यास आमच्या घरीं आले होते. महागणपतीचें दर्शन झालें, फराळ झाला, आणि संवयीप्रमाणें त्यांनीं आमच्या पुस्तकांच्या फळ्यांकडे मोर्चा वळविला. वरच्या फळीवरील ज्ञानेश्वरी, शेक्सपिअर व ऑर्नल्ड पाहून त्यांची मुद्रा प्रसन्न झाली; परंतु खालच्या फळीवर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकादंबऱ्या आणि जुन्या दिवाळी अंकांची चळत दिसतांच त्यांची डावी भुवई वर गेली. "हें नातवंडांचें वाटतें?" त्यांनीं विचारलें. आम्हांस नातवंडें नाहींत, हें त्यांस पुरतेपणीं ठाऊक होतें.

तीं पुस्तकें आमचींच आहेत, असें आम्हीं सांगितलें. त्यावर जें व्याख्यान आम्हांस ऐकावें लागलें त्याचा सारांश असा: कुमारांसाठीं लिहिलेल्या विज्ञानकथा म्हणजे कल्पनेचा पोरखेळ, सणासुदीला वाचावयाच्या गोड शेवटाच्या गोष्टी म्हणजे भावनेची जिलेबी, आणि प्रौढ माणसानें, त्यांतून इंग्रजीच्या प्राध्यापकानें, यांत रमावें हें अभिरुचीच्या ऱ्हासाचें लक्षण. घरीं आलेल्या पाहुण्याशीं भांडूं नये म्हणून आम्ही त्या वेळीं गप्प राहिलों. येथें तसें बंधन नाहीं.

प्रथम स्थळमाहात्म्य. टिटवाळा हें कण्वमुनींच्या आश्रमाचें ठिकाण, अशी इकडे परंपरागत समजूत आहे. शकुंतलेनें येथें गणपतीची आराधना केली, असें सांगतात. समजुतीचें ऐतिहासिक मोल कांहींही असो, तिच्यामुळें आम्ही शाकुंतल वारंवार वाचतों. त्याच्या सातव्या अंकांत काय आहे, याचा आमच्या स्नेह्यांस विसर पडलेला दिसतो. दुर्वासांचा शाप नसतांनाही तो पडावा, हें विशेष! दुष्यंत इंद्राच्या रथांतून, मातलीबरोबर, आकाशमार्गानें खालीं येत आहे. रथ वेगानें उतरूं लागतो तेव्हां त्याला पृथ्वी कशी दिसते? डोंगरांचीं शिखरें वर येत आहेत आणि जमीन त्यांच्यापासून खालीं सरत आहे. पानांत दडलेल्या झाडांचे बुंधे उघडे पडत आहेत. उंचावरून न दिसणाऱ्या नद्यांच्या रेषा रुंदावत आहेत. जणूं कोणी सबंध पृथ्वीच उचलून आपल्याकडे फेकीत आहे. विमानांत बसलेल्या कोणासही हा अनुभव ओळखतां येईल. कालिदासानें विमान पाहिलें नव्हतें. त्यानें एक अशक्य प्रवास गृहीत धरला आणि मग त्या प्रवाशाच्या डोळ्यांना काय दिसेल याचा प्रामाणिकपणें विचार केला. विज्ञानकथा याहून निराळें काय करते? (कालिदासास विज्ञान ठाऊक होतें असा दावा करणाऱ्या मंडळींत मात्र कृपा करून आमची गणना करूं नये.)

आणि त्याच अंकाचा शेवट पहा. सिंहाच्या छाव्याशीं खेळणारें पोर, हरवलेली पत्नी, ओळख, अश्रु, मीलन. हा शेवट आज एखाद्या दिवाळी अंकांत कोणी छापला तर आमचे स्नेही त्यालाही जिलेबीच म्हणतील.

पश्चिमेकडेही हाच मासला आढळतो. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' १८४३ च्या डिसेंबरांत, सणाच्या तोंडावर विकली जावी म्हणूनच प्रसिद्ध झाली, आणि पहिली सहा हजार प्रतींची आवृत्ति नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपून गेली. तींत एका कृपण म्हाताऱ्याला त्याचा भूतकाळ व भविष्यकाळ हिंडवून आणलें आहे. वेल्सचें कालयंत्र निघावयास तेव्हां बावन्न वर्षें अवकाश होता. सणाची गोष्ट आणि काळाची सफर एकाच लहानशा पुस्तकांत सुखानें नांदली आणि त्यामुळें इंग्रजी वाङ्मय बुडालें नाहीं.

आपल्याकडे काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. सणाला नवें वस्त्र, नवा फराळ, तसें नवें वाचनही असावें, हा घरोघरीं रुजलेला विचार मराठी संस्कृतीच्या थोड्या निर्विवाद मिळकतींपैकीं एक आहे. दिवाळी अंक चाळीत, चकलीचे तुकडे पानांवर सांडीत, ज्या माणसानें लहानपणीं दुपार घालविली नाहीं, त्याच्या अभिरुचीविषयीं आम्हांस आदर वाटतो. हेवा वाटत नाहीं.

आतां आमच्या पक्षांतल्या मित्रांकडे वळतों. कारण विरोधकांपेक्षां त्यांनींच या वाङ्मयाचें अधिक नुकसान केलें आहे. हे मित्र म्हणतात, "मुलांना विज्ञानकथा द्या, त्यांना शास्त्राची गोडी लागेल." म्हणजे गोष्ट ही गोळीवरची साखर! १८०२ सालीं चार्ल्स लॅंबनें कोलरिजला लिहिलेल्या पत्रांत तक्रार केली आहे, ती याच वृत्तीविरुद्ध: उपयुक्त माहितीच्या पुस्तकांनीं मुलांच्या खोलींतून जुन्या अद्भुत गोष्टींना हुसकून लावलें, आणि मुलाला घोड्याविषयीं माहिती मिळाली, पण त्याच्या कल्पनेला खाद्य मिळालें नाहीं. विज्ञानाची ओळख व्हावी हा हेतु खुद्द नारळीकरांनीं बाळगला होता, हें आम्ही जाणतों, आणि त्या हेतूविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु 'वामन परत न आला' आम्हीं एका बैठकींत संपविली ती गणकयंत्रांची माहिती मिळावी म्हणून नव्हे. पुढें काय होतें हें कळल्यावांचून दिवा मालवणें आम्हांस अशक्य झालें, एवढेंच त्याचें कारण आहे. ज्या विज्ञानकथांत हें घडत नाहीं, आणि अशा मराठींत पुष्कळ आहेत, त्या म्हणजे पाठ्यपुस्तकाला लावलेल्या मिशा होत.

नारळीकरांचेंच उदाहरण पुढें चालवूं. १९७४ सालीं त्यांनीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठीं 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या नांवानें. आपल्या कीर्तीचें वजन परीक्षकांवर पडूं नये म्हणून. कथेला पहिलें बक्षीस मिळालें. पुढें १९७९ मध्यें 'यक्षांची देणगी' निघाली आणि एका पिढीचें वाचन बदललें. साहित्य अकादमीनें त्यांचा गौरव केला तो २०१४ सालीं, आणि तोही आत्मचरित्राबद्दल. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें हें खरें. परंतु २०२५ च्या मे महिन्यांत ते निवर्तले तेव्हां जे लेख आमच्या वाचनांत आले, त्यांतील बहुतेकांत खगोलशास्त्रज्ञाला पानें होतीं आणि कथाकाराला एक परिच्छेद. भागवतांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. ज्यूल व्हर्न मराठींत आणणाऱ्या आणि फुरसुंगीच्या बनेश फेण्याला सायकलीवर बसवून घरोघरीं पोंचविणाऱ्या या लेखकाच्या गद्याचा वेग, त्याचे संवाद, त्याचा विनोद यांवर कोणा समीक्षकानें किती लिहिलें आहे?

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. एक गोष्ट सांगावयाची आहे आणि ती सांगतांना आमची मान वर राहत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गांत प्रत्येकास आवडतें पुस्तक विचारीत होतों. खडवलीकडून गाडीनें येणारी एक मुलगी उभी राहिली आणि मेच्या सुटींत वाचलेल्या एका कुमारकादंबरीविषयीं बोलूं लागली: परग्रहावर एकटा राहिलेला मुलगा, त्याचा यंत्रमित्र, शेवटीं त्याचें घरीं येणें. ती चांगलें बोलत होती. आम्हीं स्मित केलें. त्या स्मितांत काय होतें तें वर्गाला तत्काळ समजलें आणि सगळा वर्ग हंसला. पुढच्या सत्रांत तोच प्रश्न आला तेव्हां तिनें अभ्यासक्रमांतील एका थोर कादंबरीचें नांव सांगितलें. तिनें ती वाचली नव्हती, हें दोन प्रश्नांत दिसून आलें. ती वाचणें सोडून गेली कीं लपून वाचूं लागली, तें आम्हांस कधींच कळलें नाहीं. आपल्या वाचनाविषयीं खोटें बोलावें लागतें, एवढें मात्र आमच्याकडून ती निश्चित शिकली.

आणि गुरुजी स्वतः काय करीत होते? कल्याणच्या गाडींत नारळीकरांवर वर्तमानपत्राचें वेष्टण घालून वाचीत होते.

कोणी विचारील, मग सर्व पुस्तकें सारखींच कां? मुळींच नाहीं. 'श्यामची आई' साने गुरुजींनीं १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. ती वाचतांना येणारे अश्रु आणि एखाद्या भरताड दिवाळी कथेनें चिमटा काढून आणलेले अश्रु यांत भेद आहे. परंतु तो भेद दाखविण्यासाठीं दोन्ही वाचावीं लागतात, आणि आमचे स्नेही भुवईवरच काम भागवितात.

म्हणून या मासिकाच्या संपादकांस आमची एक विनंती आहे. गेल्या बारा अंकांतील परीक्षणें आम्हीं मोजलीं. काव्यसंग्रह आहेत, चरित्रें आहेत, समीक्षेवरील समीक्षाही आहे. कुमारांसाठीं लिहिलेलें एकही पुस्तक नाहीं. येत्या दिवाळीनंतर निदान दोन पानें त्यांस द्यावींत, आणि परीक्षण कवितेचें करतां तितक्याच कठोरपणें करावें. कोणी लिहिणारा न मिळाल्यास आम्ही लिहूं, आणि लेखाखालीं आमचें खरें नांव घालूं.