डेटिंग ॲपला विकिपीडियावर पान मिळायला हवं का? देवगडातून आलेला एक प्रश्न

देवगडातला माझ्या ओळखीचा एक मुलगा गेलं दीड वर्ष एक छोटं डेटिंग ॲप चालवतोय. सिंधुदुर्गातली पोरं कामधंद्यासाठी मुंबई, पुणे, गोव्यात पांगलेली. त्यांची गावाकडच्या मुलामुलींशी ओळख व्हावी, पटलं तर पुढे लग्नापर्यंत जावं, असा त्याचा हेतू. ॲपचं नाव मी इथे देत नाही. का, ते शेवटी कळेल.

मागच्या महिन्यात त्याला एक ईमेल आला. ४० हजार रुपये द्या, तुमच्या ॲपचं विकिपीडिया पान बनवून देतो, वर ते 'कायमचं राहील' अशी हमी. त्याने लगेच मला फोन लावला.

"दादा, चाळीस हजार सांगतत. पान झाला की लोकांचो विश्वास बसतलो म्हणतत. करूक व्हया काय?"

४० हजार म्हणजे त्याचा वर्षभराचा सर्व्हरचा खर्च. म्हणून मी त्याला म्हटलं, पैशाचं नंतर बघू. आधी हे बघू की तुझं ॲप विकिपीडियाच्या पानाला पात्र आहे का.

उल्लेखनीयता म्हणजे काय?

विकिपीडियावर कुणीही लिहू शकतं, पण कशावरही लिहिता येत नाही. विषय 'उल्लेखनीय' असावा लागतो. रोजच्या बोलण्यात उल्लेखनीय म्हणजे छान, कौतुकास्पद. विकिपीडियावर अर्थ वेगळा आहे. ज्यांचा त्या विषयाशी काही संबंध नाही, अशा विश्वासार्ह माध्यमांनी किंवा अभ्यासकांनी त्यावर सविस्तर लिहिलंय का, एवढंच तिथे बघतात. ॲप चांगलं आहे की वाईट, किती डाउनलोड झाले, हेतू किती उदात्त, याला तिथे जवळपास किंमत नाही.

देवगडकरांना हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. पेटीवर 'देवगड हापूस' छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचा असतोच असं नाही, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार. म्हणून तर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळावर युआयडी स्टिकर आणलं. विकणाऱ्याने स्वतः छापलेला शब्द पुरावा ठरत नाही. विकिपीडियाचंही तेच म्हणणं आहे: स्वतःबद्दल तुम्ही काय बोलता ते राहू द्या, दुसरे काय म्हणतात ते दाखवा.

पाच कात्रणं, पाचही बाद

मी त्याला ॲपबद्दल जे काही छापून आलंय ते पाठवायला सांगितलं. पाच लिंका आल्या.

पहिली, एका न्यूज पोर्टलवरची बातमी. वाचली तर त्यानेच पाठवलेली प्रेस नोट, शब्दही बदललेला नाही. छापली दुसऱ्याने असली तरी लिहिली त्यानेच, म्हणून बाद.

दुसरी, जिल्हा पानावरची उद्घाटनाची बातमी. कोण हजर होतं, कुणी नारळ फोडला, आभार कुणी मानले. उत्पादन बाजारात आलं, गुंतवणूक मिळाली, शाखा उघडली अशा बातम्यांना विकिपीडिया नेहमीच्या नोंदी मानतो. कंपन्या आणि त्यांच्या उत्पादनांसाठी इंग्रजी विकिपीडियावर वेगळे, जास्त कडक निकष आहेत आणि त्यात अशा बातम्यांनी उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.

तिसरी, त्याची मुलाखत. छान झाली आहे, पण त्यात बोलतोय तोच.

चौथी, प्ले स्टोअरचं पान आणि त्यावरचे रिव्ह्यू. ॲप अस्तित्वात आहे एवढंच त्यातून कळतं.

पाचवी, कॉलेजच्या स्पर्धेतलं बक्षीस. अभिमानाची गोष्ट आहे, पण त्यावर कुणी दोन परिच्छेदसुद्धा लिहिलेले नाहीत.

म्हणजे आज तरी उत्तर 'नाही' असंच आहे. उद्या एखादा पत्रकार दोन आठवडे इथे फिरला, गावात राहणाऱ्या मुलांना लग्नाला मुलगी मिळत नाही या प्रश्नावर अशा ॲपचा काही उपयोग झाला का, हे त्याने स्वतः तपासून लिहिलं, आणि अशी दोन-तीन स्वतंत्र लिखाणं जमली, तर उत्तर बदलेल. ती मराठीत असली तरी चालतात. इंग्रजी विकिपीडियाही मराठी वृत्तपत्राचा संदर्भ मान्य करतो, फक्त लिखाण विश्वासार्ह आणि स्वतंत्र हवं.

मग पान कुणाला मिळतं?

टिंडर २०१२ मध्ये आलं आणि 'स्वाइप' हा शब्दच त्याने जगाच्या तोंडी बसवला. त्यावर बातम्या आहेत, संशोधन आहे. तिथे वाद नाही.

आपल्या जवळचं उदाहरण मुंबईच्या शादी डॉट कॉमचं. ते डेटिंग ॲप नाही, लग्न जुळवणारी सेवा आहे, पण कसोटी तीच लागते. शार्क टँकमुळे तुम्हाला माहीत असलेले अनुपम मित्तल त्याचे संस्थापक. इंग्रजी विकिपीडियावर त्याचं पान आहे. पण स्वतंत्र लिखाणात फक्त कौतुक नसतं. २०२० मध्ये त्वचेच्या रंगावरून स्थळं निवडायच्या फिल्टरवर परदेशातल्या भारतीय मुलींनी आवाज उठवला, ऑनलाइन याचिका झाली आणि कंपनीने तो फिल्टर काढला. बीबीसीसारख्या माध्यमांनी त्याची दखल घेतली. कंपनीच्या माहितीपत्रकात हे कधी आलं नसतं.

अमेरिकेतलं 'टी' हे ॲप आणखी बोलकं आहे. डेटवर भेटणाऱ्या पुरुषांबद्दल बायकांनी एकमेकींना सावध करावं, यासाठी ते होतं. जुलै २०२५ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरवर पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि त्याच महिन्यात त्यातले सुमारे ७२ हजार फोटो फुटले. त्यातले सुमारे १३ हजार सेल्फी आणि ओळखपत्रांचे होते. सुरक्षेसाठी काढलेलं ॲपच असुरक्षित निघालं. त्यावर जगभर लिहिलं गेलं, विकिपीडियावर पानही आहे. ते पान म्हणजे शाबासकी नाही, घडलेल्या गोष्टीची नोंद आहे.

भाषेनुसार काढलेल्या ॲपचा प्रश्न थोडा वेगळा. बंगळुरूच्या आइल कंपनीने मल्याळमसाठी 'अरिके', तमिळसाठी 'अनबे', तेलुगूसाठी 'नीथो' आणि कन्नडसाठी 'नीने' अशी ॲप काढली. प्रत्येकाला स्वतंत्र पान हवं का? प्रत्येकावर वेगळं, सविस्तर लिखाण नसेल, तर मूळ कंपनीच्या लेखात एक परिच्छेद पुरतो. 'पान हवं की नको' यात असा मधला रस्ताही असतो.

४० हजारांत काय मिळतं?

पैसे घेऊन लिहिण्यावर विकिपीडियाची सरसकट बंदी नाही. पण २०१४ पासूनच्या अटींप्रमाणे पैसे कुणी दिले ते उघडपणे सांगावं लागतं. त्या ईमेलमध्ये याचा शब्द नव्हता. आणि 'कायमचं राहील' अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. कुणीही संपादक पान काढण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. इंग्रजी विकिपीडियावर मग साधारण सात दिवस चर्चा चालते. तिथे मतं मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. ५० मित्रांना नवीन खाती उघडून 'पान ठेवा' लिहायला लावलं, तर उलट संशय वाढतो.

२०१५ मध्ये विकिपीडियाने एक मोठी टोळी पकडली. ३८१ खाती बंद केली, २१० लेख काढले. पद्धत अशी की ज्या छोट्या व्यावसायिकांचे लेख नाकारले गेले होते त्यांना गाठायचं, पैसे घेऊन लेख चढवायचा, आणि नंतर तो 'सांभाळायचे' पुन्हा पैसे मागायचे. हा प्रकार 'ऑरेंजमूडी' नावाने ओळखला जातो. आमच्या मुलाला आलेला ईमेल मला याच माळेतला मणी वाटला.

आणि समजा पान झालंच, तरी ते त्याचं राहणार नाही. उद्या ॲपमधून कुणाचा फोटो बाहेर गेला, तर ते त्याच पानावर येईल आणि याला पुसता येणार नाही.

हा नियम आपल्यावर अन्याय करतो का?

थोडा करतो, हे मान्य करायला हवं. मोठ्या शहरातल्या स्टार्टअपवर इंग्रजी माध्यमं भरभरून लिहितात, देवगडच्या ॲपवर कोण लिहिणार? माध्यमांची नजर जिथे जात नाही, तिथे विकिपीडियाचीही जात नाही. डॉना स्ट्रिकलंड या भौतिकशास्त्रज्ञ महिलेवरचा लेख मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं. म्हणजे नियमाच्या जाळ्यातून मोठे मासेही निसटतात.

तरी मला नियम सैल करणं पटत नाही. २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया मोजके लोक, तेही फुकट, सांभाळतात. दार उघडं टाकलं तर पहिल्यांदा आत येणार ते ४० हजारवाले. कमतरता आपल्याकडच्या स्वतंत्र लिखाणाची आहे. ती भरून काढायची तर छोट्या गावातल्या तंत्रज्ञानावर मराठीत नीट बातमीदारी व्हायला हवी.

तुम्ही नुसते वापरणारे असाल तर

दोन गोष्टी लक्षात ठेवा. विकिपीडियावर पान नाही म्हणजे ॲप फेक, असं नाही. आणि पान आहे म्हणजे ॲप सुरक्षित, असंही नाही. डेटिंग ॲपवर ओळख वाढवून ठरावीक हॉटेलात न्यायचं आणि भरमसाट बिल हातात ठेवायचं, असे प्रकार २०२४ मध्ये मुंबईत गाजले. नावाजलेलं ॲप वापरलं म्हणून समोरचा माणूस खरा ठरत नाही.

पान असेल तर खाली स्क्रोल करून संदर्भ बघा. सगळे कंपनीच्याच साइटचे किंवा प्रेस नोटवजा असतील, तर ती जाहिरात समजा. 'इतिहास' आणि 'चर्चा' हे भागही उघडा. एकाच नवीन खात्याने सगळं लिहिलं असेल तर ते तिथे दिसतं. ॲप कुठल्या परवानग्या मागतं, खातं बंद केल्यावर फोटो पुसतं का, हे मात्र विकिपीडिया सांगणार नाही. ते तुम्हालाच तपासावं लागेल. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

त्या मुलाने पैसे भरले नाहीत. त्याऐवजी खातं बंद केल्यावर फोटो आणि चॅट किती दिवसांत पुसले जातात, हे त्याने ॲपमध्ये साध्या मराठीत लिहून टाकलं. विश्वास बसायचा तर मला वाटतं तो यानेच बसेल.

मग त्याचा शेवटचा प्रश्न आला: "मगे दादा, तूच लिव मरे."

मी म्हटलं, लिहितो, पण नाव घालणार नाही. मी तुझ्या ओळखीचा. माझ्या लिहिण्याला विकिपीडिया स्वतंत्र मानणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.