दोष बोटांचा की टचपॅडचा?

उतारवयात लॅपटॉपवर लिहू लागलेल्या अनेकांची एक तक्रार सारखीच असते. वाक्य अर्ध्यावर आलेले असते आणि कर्सर अचानक वरच्या ओळीत उडी घेतो. पुढची अक्षरे भलत्याच ठिकाणी उमटतात. कधी न मागता एखादी खिडकी उघडते, तर कधी अपुरेच पत्र रवाना होते. असे चार वेळा घडले, की माणूस यंत्राला नव्हे, स्वतःलाच दोष देऊ लागतो. ‘आता हे आपल्याला जमायचे नाही, लक्षच राहत नाही,’ असे म्हणून तो लॅपटॉप मिटून ठेवतो. दूरच्या मुलांशी होणारा पत्रव्यवहार आणि स्वतःचे बँकखाते स्वतः पाहण्याची सवयही त्याबरोबर सुटते. वाचकहो, अशा वेळी स्मरणशक्तीविषयी शंका घेण्याआधी टचपॅडची मांडणी एकदा तपासून पाहावी.

कर्सर हलवताना बहुतेक टचपॅड बोटाचा जोर पाहत नाहीत. त्वचा पृष्ठभागाला टेकल्याने तेथील विद्युतधारितेत जो सूक्ष्म बदल होतो, तो ते ओळखतात. त्यामुळे टंकलेखन करताना अंगठ्याचा तळवा नुसता टेकला, तरी यंत्र त्याला आज्ञा समजू शकते. उलट, वयोमानाने कोरडी झालेली त्वचा कधीकधी नीट ओळखली जात नाही. मग माणूस बोट अधिकाधिक दाबतो आणि सांधे दुखू लागतात.

यंत्रासोबत येणारी मूळ मांडणी सर्वांसाठी योग्य असेल, असे समजू नये. हलक्या स्पर्शाला, म्हणजे ‘टॅप’ला, क्लिक मानावे की नाही, यावर ती घडवणाऱ्यांचेही एकमत नाही. ॲपलच्या मॅकओएसमध्ये ही सोय मुळात बंद असते, तर विंडोजमध्ये चालू असते. लिनक्समध्ये टचपॅड सांभाळणारी ‘लिबइनपुट’ ही प्रणाली ती बंद ठेवते. ज्याला टॅप माहीत नाही, त्याला नकळत झालेल्या क्लिकमुळे संगणकच बिघडल्यासारखा वाटतो. ज्याला ते हवे आहे, तो ते शोधून चालू करू शकतो, असा तिच्या कर्त्यांचा विचार आहे. लिनक्सवरील ‘ग्नोम’ने मात्र मार्च २०२४ मधील ४६व्या आवृत्तीत टॅप मुळातच चालू ठेवले. तेव्हा निर्णय आपल्या हातांकडे पाहूनच घ्यावा.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि त्याखाली ‘टचपॅड’ असा मार्ग आहे. मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘ट्रॅकपॅड’ पाहावे. तेथे पुढील क्रमाने जावे.

पहिली गोष्ट संवेदनशीलतेची. विंडोजमध्ये तिचे चार स्तर आहेत. कर्सर उड्या मारत असेल तर सर्वांत कमी स्तर निवडावा. ग्नोममध्ये टंकलेखन चालू असताना टचपॅड थांबवण्याची सोय आहे. ती चालूच ठेवावी.

दुसरी गोष्ट टॅपची. हाताला कंप असेल तर टॅप बंद करावे आणि टचपॅड दाबूनच क्लिक करावे. नकळत होणाऱ्या चुका त्याने कमी होतात. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर उलट करावे. दाबण्याने वेदना होते, म्हणून टॅप चालू ठेवावे. दोन्ही त्रास असतील, तर साधा माऊस जोडावा आणि माऊस जोडलेला असताना टचपॅड बंद राहील अशी निवड करावी.

तिसरी गोष्ट वेगाची. कर्सरचा वेग कमी करावा आणि त्याचा बाण मोठा करावा. विंडोजमध्ये बाणाचा आकार ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात बदलता येतो.

चौथी गोष्ट पान सरकण्याच्या दिशेची. ज्यांना मोबाईलची सवय आहे, त्यांना बोटाबरोबर मजकूर सरकणे सोयीचे वाटते. ज्यांनी कार्यालयात चाकाच्या माऊसवर वर्षे काढली, त्यांना नेमके उलटे हवे असते. दोन्ही बरोबरच आहेत. शेवटी, तीन व चार बोटांच्या खुणा बंद कराव्यात; खिडक्या अकस्मात नाहीशा होण्याचे कारण बहुधा त्यांतच असते.

घरातील तरुणांना एक विनंती. आई-वडिलांच्या हातातून लॅपटॉप ओढून घेऊन हे बदल करू नका. शेजारी बसा, त्यांना त्यांचेच पत्र लिहू द्या आणि चूक कोठे होते ते पाहा. एका वेळी एकच बदल करा, दोन दिवस वापरू द्या, मग पुढचा. केलेले बदल मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप सामाईक असेल तर त्यांच्यासाठी निराळे खाते उघडा, म्हणजे नातवंडांच्या सोयीसाठी आजोबांची मांडणी मोडणार नाही. मेज कोपराच्या उंचीचे असावे आणि हाताला आधार मिळावा, याकडेही लक्ष द्या.

तथापि सर्वच दोष यंत्रावर ढकलू नये. कंप नव्याने सुरू झाला असेल किंवा वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा विकार किंवा दम्यावरील काही औषधे हीसुद्धा त्याची कारणे असू शकतात. एका बाजूच्या हातातील शक्ती अचानक गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

मात्र महिनोन्महिने केवळ पत्रातल्या ओळीच इकडेतिकडे होत असतील, तर आज संध्याकाळी पंधरा मिनिटे काढून ही मांडणी बदलून पाहावी. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून कोणी वाचन सोडत नाही. बोटांच्या बाबतीतही तोच न्याय लावावा.