रान उक्ते विकणारे नवे खोत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतले बहुतेक रान सरकारचे नाही, खाजगी मालकीचे आहे. त्यात तुमचे आमचेही आहे. ही मालकी फुकट मिळाली नाही. कुळे खोतांविरुद्ध लढली, १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडण्याचे बिल मुंबई कायदेमंडळात मांडले, १९४९च्या कायद्याने खोती गेली. आणि हाती आलेल्या रानाचे आम्ही काय केले? मक्तेदार दारात आला, त्याने नोटा मोजल्या, आम्ही डोंगरच्या डोंगर उक्ता देऊन टाकला!

उक्ता म्हणजे झाडे मोजायची नाहीत, घेर मापायचा नाही, लहानमोठे निवडायचे नाही. करवत एका टोकाला लागली की दुसऱ्या टोकाला निघणार. १५ वर्षांचा ऐन जळाऊ म्हणून भट्टीत जातो. तोच राखला असता तर घराचा खांब झाला असता. शाळेतली पोरेही करतील असा हा हिशेब आहे: लांबी तीच राहून घेर दुप्पट झाला, तर लाकूड दुप्पट नव्हे, चौपट होते. सागाचे मोल गाभ्याला, खैराचा कातही गाभ्यातूनच निघतो. कोवळ्या झाडात गाभा असतो कितीसा? मक्तेदाराला हे पक्के ठाऊक आहे. पण त्याला यंदा हा डोंगर, पुढल्या साली पलीकडचा. त्याने का थांबावे? थांबायचे ते मालकाने.

मालक म्हणतो, ऐन-किंजळीच्या खुंटाला धुमारे फुटतात, रान पुन्हा येईल. येते, खरे आहे. पण त्याच खुंटावर घाईघाईने घाव पडत राहिले तर खुंट थकतो. आणि बी धरणारे जुने झाडच ठेवले नाही, तर मेलेल्या खुंटाच्या जागी रोप येणार कोठून? मग सुताराने चौकट कशाची करावी? परदेशी सागाची? म्यानमारने तर २०१४ साली ओंडके बाहेर धाडणेच बंद केले.

सरकारही निर्दोष नाही. १९६४च्या कायद्याने तोडीला परवाना लागतो. खेटे घालणे गरिबाला झेपत नाही, म्हणून कागद मक्तेदाराकडे जातात आणि मालक न वाचता सही करतो. १९७५चा खाजगी वने संपादन कायदा आल्यापासून, राखलेले रान सरकार घेईल, ही धास्ती पुष्कळांना आहे. त्यात सातबारा सामायिक. मी राखले तर मुंबईचा चुलतभाऊ विकील, म्हणून मीच आधी विकतो!

२० एकर रान असेल तर २० वाटे करा, दर साल एकच तोडा. एकविसाव्या साली पहिला वाटा पुन्हा २० वर्षांचा होऊन उभा असेल. ज्याचे पाचच एकर, त्याने तिघा शेजाऱ्यांशी मिळून पाळी लावावी. इमारती लाकूड हवे तर प्रत्येक वाट्यात निवडक झाडे आणखी दोन पाळ्या राखा, बियाची झाडे तर कधीच देऊ नका. लग्नकार्य, दुखणे निघाले तर गरजेपुरती मोठी झाडे घेर मापून विका. दिवाळी झाली की मक्तेदार फिरू लागतील. त्याआधी सातबारावर जितकी नावे आहेत तितक्यांना एका ओसरीवर बसवा, मुंबईवाल्यांनाही.