केरीला कोण उतरते?

बेळगावहून गोव्याला जाताना चोर्ला घाट उतरला की नाका लागतो तो केरीचा. आपल्या महाविद्यालयातील निम्मे विद्यार्थी तरी या नाक्यावरून कधी ना कधी गेले असतील, हे मी पैजेवर सांगते. गाडी थांबते, पोलीस आत डोकावतो, कागद पाहतो, आणि गाडी साखळीच्या दिशेने सुटते. पुढे समुद्र असतो, त्यामुळे केरीला कोणी उतरत नाही. मी उतरते. माझे घर तिथे आहे.

गोव्यात केरी एकच नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर एक आहे, फोंड्यात एक आहे. आमची सत्तरीतली, वाघेरी डोंगराच्या पायथ्याची. चौथीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत शिकले. पाचवीला तिकडे माध्यम बदलते, म्हणून बाबांनी मला घाटावर जांबोटीकडे आजोळी ठेवले आणि मराठीतूनच दहावी करविली. तिथे कानडी अंगवळणी पडले. हा लेख नियतकालिकाच्या कानडी विभागालाही देता आला असता. परंतु ज्या कागदाविषयी मला लिहायचे आहे, तो मलाच मराठीत लिहावा लागणार आहे. म्हणून सरावासाठी मराठी.

वाणिज्य शाखेला आल्यावर एका सुट्टीत मी आमच्या घराचा ताळेबंद मांडून पाहिला. मालमत्तेच्या बाजूला घर, दोन गायी, बाबांची दुचाकी. आणि काजूची बाग. बाग डोंगराच्या उतारावर आहे. पणजोबांनी तिथे पूर्वी नाचणी पिकवली, आजोबांनी काजू लावला. खाली दगडी बांध आहे, एक विहीर आहे, आणि दोघांच्या कवेत न मावणारा फणस आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत सारे घर पहाटेपासून बागेत असते. बिया वेगळ्या, बोंडू वेगळे. बोंडू भट्टीवर जातात, त्याचे उर्राक आणि फेणी होते. (तुमच्यापैकी काहींना आमच्या तालुक्याची एवढीच ओळख आहे, हे मला ठाऊक आहे. घाटमाथ्यावरील सुर्लेच्या ग्रामस्थांनी काही वर्षांपूर्वी गावातले बार का बंद करायला लावले, हेही एकदा विचारा.) घरात वर्षभर जो रोख पैसा दिसतो, त्याचा मोठा हिस्सा या तीन महिन्यांतला. उरलेले वर्ष चुलतभावाच्या पगारावर चालते; तो तालुक्यातील एका कारखान्यात कंत्राटावर आहे आणि त्याचे कंत्राट कधी संपेल हे त्यालाही माहीत नसते.

तर बागेची किंमत किती लिहायची? मी पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसले. शेवटी शून्य लिहिले. कारण बाग आमची आहे असे म्हणणारा एकही कागद घरात नाही. सरकारी दप्तरात तो उतार जंगल आहे.

यात आमचे घर एकटे नाही. सत्तरीतील बऱ्याच गावांच्या जमिनी पूर्वी राण्यांच्या मोकाशात होत्या. दीपाजी राणे १८५२ मध्ये आणि दादा राणे १८९५ मध्ये पोर्तुगीजांविरुद्ध उठले, हे गोव्यातल्या शाळेत प्रत्येक मूल शिकते. परंतु राण्यांच्या त्या रानात खपणाऱ्या माणसाच्या नावावर काय होते, हे कोणी शिकवत नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला. मोकासे गेले, जमिनी सरकारकडे आल्या, आणि कसणारा होता तिथेच राहिला, पूर्वीप्रमाणे बिनकागदाचा.

कागद नसल्याने काय अडते? मागे बाबांनी बागेत पाण्याची टाकी आणि कुंपण करण्यासाठी एका बँकेत अर्ज केला. गवे आणि माकडे यांच्या तावडीतून निम्मे पीक वाचले तरी कर्ज फिटले असते. हिशेब मीच करून दिला होता. साहेबांनी हिशेब वाचलाही नाही. "तारण काय?" एवढेच विचारले. त्याच वर्षांत आमच्या भागात अनेकांना खाणीवर चालवायच्या ट्रकसाठी कर्जे मिळाली होती, कारण ट्रकला कागद असतो. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात गंजत उभे राहिले. बाग मात्र अजून फळते आहे. घसाऱ्याचे प्रकरण शिकताना मला हे ट्रक नेहमी आठवतात.

आता थोडे घाटावर येऊ. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्यात जी गावे आहेत, तिथली माणसे आपल्यासारखीच मराठी बोलणारी आहेत. त्यांपैकी तळेवाडीच्या कुटुंबांनी जंगलाबाहेर जाण्याचे मान्य केले आणि २०२५ साली त्यांना पैसे मिळू लागले. प्रत्येक कुटुंबास १५ लाख रुपये असा तो व्यवहार. ज्या गावाला धड रस्ता नाही, जिथे पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून न्यावे लागते, तिथल्या लोकांनी हो म्हटले तर त्यांना दोष देणारी मी कोण? दवाखाना जवळ असावा असे त्यांना वाटले, तसे माझ्याही आईला वाटते.

परंतु मी वाणिज्याची विद्यार्थिनी आहे, आकडा दिसला की मला राहवत नाही. १५ लाख बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला १ लाख ५ हजार होतात; महिन्याला ८ हजार ७५०. तेवढ्यात भाडे, शाळा, भाजी, तेल आणि सरपणाऐवजी गॅस. जंगलात सरपण, रानभाजी, कोकम, मध, गुरांचा चारा यांना पैसे पडत नव्हते, म्हणून ते कोणत्याही हिशेबात आले नाहीत. जे हिशेबात आले नाही, त्याची भरपाईही झाली नाही. आणि रस्ता, नर्स, शाळा ही गावात आधी पोहोचली असती, मग लोकांना विचारले असते, "राहता की जाता?", तर उत्तर काय आले असते? तो प्रश्न त्या क्रमाने विचारलाच गेला नाही. गैरसोय पुरेशी वर्षे टिकवली की माणसे आपखुशीने उठतात.

आमच्याकडे हा प्रश्न वाघाच्या रूपाने आला आहे. म्हादई अभयारण्य १९९९ साली झाले. जानेवारी २०२० मध्ये त्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ विषाने मेलेले सापडले. गुरे मारली म्हणून सूड घेतला गेला. ती गोष्ट लाजिरवाणी होती आणि आहे; घरातली गाय गेल्याचे दुःख मी पाहिले आहे, तरीही असे म्हणते. २४ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि आमच्या तालुक्यात वाघाच्या बाजूचे व माणसाच्या बाजूचे असे दोन तट पडले. मला दोन्ही तटांत बसायला जागा नाही. आमच्या डोंगराचे नावच वाघेरी आहे. वाघ आमच्याकडे पाहुणा म्हणून आलेला नाही. पण ज्याच्या नावावर बांधावरचा फणसही नाही, त्याला वाघासाठी आणखी एक रेषा आखली जाणार म्हटल्यावर झोप कशी लागेल? आधी हक्क लिहून द्या, मग रेषा आखा. क्रम उलटा झाला की जंगलाचा सर्वांत जवळचा राखणदार जंगलाचा वैरी होतो.

हे स्वप्नरंजन नव्हे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू आपल्या परवान्याने विकू लागले. इंडोनेशिया जंगलाच्या बाबतीत आपल्याहून कितीतरी मोठा देश. तिथल्या घटना न्यायालयाने २०१३ साली सांगितले, की परंपरागत समाजांची जंगले ही सरकारी जंगले नव्हेत. २०१६ साली पहिल्या नऊ समाजांच्या हातात तसे कागद पडले. नऊ हा आकडा त्या देशात अगदी किरकोळ आहे, परंतु शून्य आणि नऊ यांत फरक असतो.

यावर एक आक्षेप माझ्या वर्गातूनच आला. "कागद दिला की तुम्ही जमीन दिल्लीवाल्यांना विकाल." गोव्यात चाललेले पाहता आक्षेप खोटा नाही. म्हणूनच मला २००६ च्या वनहक्क कायद्याचा कागद आवडतो. तो वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. बँकेला तो तारण म्हणून कदाचित रुचणार नाही, हे मी समजते. तरीही शेतकरी म्हणून सरकारी योजनेत नाव लागेल, उद्या कोणी उठवायला आले तर आधी नोटीस द्यावी लागेल, आणि माझ्या ताळेबंदातले शून्य खोडता येईल. विकता येणार नाही अशा मालमत्तेची किंमत कशी मांडायची, हे आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. प्राध्यापकांपैकी कोणी सांगितले तर मी आभारी होईन.

गोव्यात या कायद्याखालचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले आहेत. आमचाही त्यात आहे. अनुसूचित जमातींखेरीज इतरांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. हिशेब केला तर १९३० साल येते. आजी लग्न होऊन केरीला आली ती गोवा मुक्त झाल्यानंतर. १९३० चे कोण सांगणार? मी तिला तसे म्हटले, तर ती पान लावता लावता म्हणाली, "झाडां कोणें लायलीं तें झाडांक विचार."

गंमत अशी की कायदाही जवळजवळ तेच म्हणतो. गावातील वृद्धांचा जबाब चालतो, तसेच बांध, विहीर, जुनी झाडे असल्या खुणाही पुरावा म्हणून चालतात. त्यामुळे या मे महिन्यात परीक्षा संपली की मी केरीला उतरणार आहे. आमच्या शेजारच्या आजोबांचे वय नव्वदीच्या पुढे आहे. त्यांच्या लहानपणी फणसाचा बुंधा केवढा होता, विहिरीचे पाणी कोण शेंदत असे, हे सारे त्यांना आठवते. फक्त बोलताना दम लागतो. जबाब मी लिहून घेणार आहे. सोबत फणसाच्या बुंध्याला दोरी गुंडाळून माप घ्यायचे आहे. आजीने दोरी आत्ताच काढून ठेवली आहे.